पानगळीतल्या झाडांसाठी सॅमयांग ८ मिमी फिशआय

पानगळीत झाडं टिपण्यासाठी फिशआय, म्हणजे समोरचं जवळपास अर्धं जग एका चौकटीत घेणारी अतिरुंद लेन्स, निवडताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघावी: फ्रेमच्या कडेला गेलेली फांदी ती लेन्स कशी काढते. मध्यभागी बहुतेक फिशआय सारख्याच दिसतात. फरक पडतो तो कडेला, आणि निष्पर्ण झाडाचा निम्मा ऐवज कडेलाच असतो. सॅमयांगची ८ मिमी एफ/३.५ फिशआय या कामासाठी ठामपणे सुचवावीशी वाटते ती याच कारणासाठी.

बाजारातल्या बऱ्याच फिशआय कडेला गेलेली वस्तू चेपतात. मध्यापासून ९०° वर एखादी गोल थाळी धरली असं समजा. अशा लेन्समध्ये ती लंबगोल होते, एका अंगाने जवळपास निम्मी दबलेली. मग कडेच्या फांद्या एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात आणि त्यांच्यामधलं आकाश नाहीसं होतं. सॅमयांगची ही लेन्स स्टिरिओग्राफिक, म्हणजे कडेलाही आकार न चेपणाऱ्या, धाटणीच्या खूप जवळ जाते. तिच्यात तीच थाळी कडेलाही गोल राहते, उलट मध्यापेक्षा सुमारे दुप्पट मोठी उमटते. पानं असलेल्या झाडात हा फरक झाकला जातो, कारण तिथे कडेला नुसता हिरवा गोळा असतो. पण शिशिरातल्या सागाच्या किंवा शेमटाच्या काड्यांची वीण मोकळी दिसली तरच त्या फोटोला अर्थ आहे. या लेन्समध्ये ती मोकळी दिसते.

ही कोरियन कंपनीची, पूर्णपणे हाताने फोकस करायची लेन्स आहे. ७ गटांत १० भिंगं, ६ पात्यांचं अ‍ॅपर्चर, एफ/३.५ ते एफ/२२ (अॅपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), सर्वांत जवळचं फोकस ०.३ मीटर. निकॉन, सोनी आणि पेंटॅक्सच्या क्रॉप सेन्सरवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरवर) कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८०° दिसतं, कॅननच्या थोड्या लहान क्रॉप सेन्सरवर १६७°. पहिल्या आवृत्तीत पाकळ्यांचा हूड लेन्सला कायमचा जोडलेला होता, दुसऱ्या आवृत्तीत तो काढता येतो. हाच माल रोकिनॉन, बॉवर, वॉलिमेक्स अशा नावांनीही विकला जातो. व्हिव्हिटारने त्यावर ७ मिमी असा आकडा छापला होता, आणि दृश्यकोनावरून हिशेब केला तर तोच आकडा खऱ्याच्या जास्त जवळचा ठरतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी सॅमयांगची ८ मिमी एफ/२.८ नावाची वेगळी, छोटी लेन्स आहे. ऑर्डर देताना या दोन्हींची गल्लत होते, तेवढं सांभाळा. इथे लिहिलंय ते एफ/३.५ वालीबद्दल.

निकॉनचा कॅमेरा असेल तर एई लिहिलेलीच घ्या. तिच्यात चिप आहे, त्यामुळे मीटर (कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी यंत्रणा) चालतो आणि अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर ठेवून आकडा कॅमेऱ्यावरून बदलता येतो. चिप नसलेली लेन्स निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांवर लावली की मीटर मुळीच चालत नाही. कॅननवर चिपशिवायही अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) काम भागतं, फक्त फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरच्या जागी ०० येतं. मिररलेसवर साधा अ‍ॅडॉप्टर लावून वापरायची असेल तर मेनूत जाऊन लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी द्यावी लागते. ती दिली नाही की शटर दबत नाही आणि लेन्सच बिघडली असं वाटतं.

आता झाडं. कुठलं झाड निवडायचं हे इथे आवडीवर सोडता येत नाही, त्याला एक हिशेब आहे. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. एवढ्या रुंद लेन्समागे तो बसला की १५ मीटर उंचीवरची जेमतेम ८ मिलिमीटरची जागा एका पिक्सेलमध्ये मावते. म्हणजे शेंड्याच्या पेन्सिलीएवढ्या काडीला मध्यभागी एक पिक्सेल मिळतो, आणि त्याहून बारीक काडी आकाशात विरघळून जाते. बाभळीसारख्या बारीक फांद्यांच्या झाडावर म्हणूनच ही लेन्स वाया जाते. शेंड्याचं धुकट जाळं होतं आणि ते लेन्सच्या दर्जाने सुधारत नाही. बोथट, जाड टोकांची झाडं घ्या. देवचाफा यात पहिला: डिसेंबरपासून तो उघडा असतो, फांदीचं टोक अंगठ्याएवढं, उंची बेताची, त्यामुळे कॅमेरा बुंध्याशी ठेवला तरी शेंडा ४-५ मीटरवर राहतो. पांगारा आणि काटेसावर फेब्रुवारीत पानांविना फुलतात. शेमट जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मोकळा असतो. सागाच्या कोवळ्या फांद्या चौकोनी आणि जाड असतात, वाळलेल्या फुलोऱ्याचे तुरे शेंड्यावर टिकून राहतात आणि ते आकाशावर सुरेख उठतात.

या सगळ्यांत फिशआयसाठी सर्वांत चोख झाड म्हणजे कांडोळ, ज्याला भुत्या म्हणतात. साल पांढुरकी, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. फांद्या जाड आणि वेड्यावाकड्या. बाकीची झाडं आकाशावर काळ्या रेघा होऊन उमटतात, कांडोळ निळ्या आकाशावर पांढरा उमटतो. उलटा कॉन्ट्रास्ट असलेलं असं दुसरं झाड आपल्या रानात सहज सापडत नाही. वसईच्या किल्ल्यात गोरखचिंचा आहेत. त्या पानांविना असताना अवाढव्य बुंधा आणि वर आखूड बोटांसारख्या फांद्या हे सगळं एका फ्रेममध्ये घ्यायला फिशआयशिवाय पर्याय नाही. ताडोबा, पेंचच्या गाभ्यातले साग मोहात पाडतात, पण सफारीत गाडीतून उतरता येत नाही आणि या कामात कॅमेरा जमिनीला टेकवावा लागतो. गावाकडचा बांध, टेकडी, बाग हीच खरी जागा.

फिशआयबद्दल एक सरसकट समज आहे की ती सगळं वाकवते. मध्यातून जाणारी प्रत्येक रेघ ती सरळच ठेवते. कॅमेरा अगदी वर, डोक्यावरच्या आकाशबिंदूकडे रोखला की आजूबाजूचा प्रत्येक उभा बुंधा त्याच बिंदूकडे धावतो, म्हणजे मध्यातून जाणाऱ्या रेघेवर येतो, म्हणून सरळ राहतो. सागाच्या राईत कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवला की बुंधे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याकडे येतात, एकही वाकत नाही. कॅमेरा १०° जरी कलला तरी एका बाजूचे बुंधे धनुष्यासारखे होतात. काही जण कललेलाच काढतात आणि मग लेन्सला नावं ठेवतात. उताण्या कॅमेऱ्यावर हॉट शूमधला (फ्लॅश बसवायच्या खाचेतला) बुडबुडा उपयोगाचा नसतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं आतलं क्षितिजही या स्थितीत चालत नाही. म्हणून सुताराकडे असते तसली गोल स्पिरिट लेव्हल घ्या, टोपण लावलेल्या लेन्सवर ठेवून कॅमेरा समतल करा आणि मगच टोपण काढा. खाली किलोभर तांदळाची कापडी पिशवी असली की तो हवा तसा बसवता येतो. ट्रायपॉड नको, त्याचे पाय फ्रेममध्ये येतात.

उभ्या फ्रेममध्ये वा समोर बघून काढताना हाच नियम उलटा कामाला लावता येतो. मध्याच्या वर असलेली आडवी फांदी कमान होते, मध्याखाली गेली की झोळीसारखी लोंबते. डावीकडचा बुंधा डावीकडे फुगतो, उजवीकडचा उजवीकडे. दोन बुंध्यांमध्ये उभं राहिलं तर ते कंसासारखे एकमेकांना सामोरे होतात आणि मधलं तिसरं झाड सरळ राहतं. हे जुळवून आणलं तर फोटो देखणा होतो. क्षितिज दिसत असेल तर ते बरोबर मध्यावर धरा. कॅमेरा वर उचलला की क्षितिजाची वाटी होते, खाली झुकवला की घुमट, आणि दोन्हींत झाडाकडे लक्ष जायच्या आधी जमिनीकडे जातं.

अंतराचं तंत्रही सरावाने अंगवळणी पडतं. २० मीटरवरून १५ मीटरचं झाड या लेन्समध्ये काडीएवढं दिसतं. २-३ मीटरवर जा. बुंध्याशी तर आणखी जवळ: ०.३ मीटर हे अंतर सेन्सरपासून मोजतात, त्यामुळे पुढच्या काचेसमोर जेमतेम वीतभर जागा उरते. काटेसावरीचा बुंधा एवढ्या जवळून घेतला की खालचे शंकूसारखे काटे मुठीएवढे दिसतात आणि त्यांच्यावरून नजर थेट शेंड्याला जाते. इथे अर्धं पाऊल पुढे-मागे झालं तरी चित्र बदलतं.

सूर्य ही यातली सर्वांत मोठी अडचण आहे. वर रोखलेल्या कॅमेऱ्याला आकाशाचा बहुतेक भाग दिसतो, त्यामुळे सूर्य कुठेही असला तरी तो फ्रेममध्ये किंवा काचेवर असतोच. फुगीर पुढची काच सगळीकडून प्रकाश गोळा करते, हूडच्या पाकळ्या आखूड आहेत. सूर्य फ्रेममध्ये आला की त्याच्या विरुद्ध अंगाला हिरव्या-जांभळ्या टिकल्यांची रांग उमटते. काळ्या फांद्यांवर ती ठळक दिसते आणि पुसून काढणं जिकिरीचं असतं. यावर उपाय आहे. क्रॉप सेन्सरची फ्रेम लांबीच्या दिशेने डोक्यापासून साधारण ८०° खाली बघते, रुंदीच्या दिशेने मात्र साधारण ५८° पर्यंतच. म्हणजे कॅमेऱ्याचा माथा सूर्याकडे करून ठेवला तर सूर्य ३०° पेक्षा खाली असेपर्यंत तो फ्रेमबाहेर राहतो. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यात उगवल्यापासून साधारण सव्वादोन तास हा अवधी मिळतो, मावळतीलाही तेवढाच. माथा सूर्याकडे आणि बूड स्वतःकडे, असं ठेवून त्या बुडाच्या बाजूला खाली बसलं की छायाचित्रकारही फ्रेममध्ये येत नाही. उभं राहिलं तर डोकं येतंच. १० सेकंदांचा टायमर लावून वाकावं. गळ्यातला पट्टा आधीच काढून ठेवा. तो कोपऱ्यात काळ्या सापासारखा येतो आणि घरी पोहोचेपर्यंत लक्षात येत नाही.

सूर्य फ्रेमबाहेर असला तरी काचेवर ऊन पडत असेल तर काळ्या फांद्यांचा काळेपणा जातो, सगळ्यावर दुधट साय येते. हाताचा आडोसा धरा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) बोटं दिसेपर्यंत आत आणा, मग थोडी मागे घ्या.

दुपारी, सूर्य ५५-६०° वर असताना, बुंध्याची किंवा जाड फांदीची सावली शोधून लेन्स त्या सावलीत ठेवायची. लेन्सवर सावली म्हणजे लेन्सला सूर्य दिसत नाही, इतकं ते सोपं आहे. पण बारीक फांदी चालत नाही. सूर्य आकाशात अर्धा अंशभर रुंद आहे, त्यामुळे १५ मीटर अंतरावरची फांदी तो पुरता झाकायला किमान १४ सेंटिमीटर जाड हवी. त्याहून बारीक फांदीची सावली जमिनीवर फिकट पडते ती याच कारणाने. सावली सरकतेही लवकर, सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. आधी एक्स्पोजर आणि फोकस ठरवून मगच सावलीत जा. आणि सूर्याचा तारा मुद्दाम हवा असेल तर एफ/१६ वर फांदीच्या कडेला सूर्याची नुसती कोर ठेवा. ६ पात्यांमुळे ६ टोकांचा नेटका तारा येतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून मात्र सूर्याकडे टक लावून बघू नका, आणि दोन फोटोंच्या मधे कॅमेरा उघड्या काचेने उन्हात उताणा सोडू नका.

सर्वांत निवांत प्रकाश सूर्य मावळल्यानंतरचा. साधारण वीस-बावीस मिनिटं आकाश उजळ असतं, फ्लेअरचा, म्हणजे त्या टिकल्यांचा आणि दुधट सायीचा, प्रश्न मिटलेला असतो आणि रुंद फ्रेममुळे पश्चिमेचा नारिंगी ते पूर्वेचा गडद निळा हा सगळा उतार एका चित्रात येतो. निष्पर्ण झाडाच्या छायाकृतीसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. फेब्रुवारीअखेर पहाटे, अंधाऱ्या पक्षात, फांद्यांमागे आकाशगंगाही घेता येते. एफ/३.५, आयएसओ ३२००, ३० सेकंद यात तारे ठिपकेच राहतात.

फोकसबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणजे रिंग अनंतावर लावा आणि विसरा. दुसरा हायपरफोकलचा: एफ/८ वर हिशेबाने सुमारे ०.४३ मीटरवर फोकस केला की २०-२२ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. दोन्हींत धोका आहे. हायपरफोकलचा आकडा पूर्वीच्या छोट्या प्रिंटच्या हिशेबाचा आहे. तिथे फोकस ठेवला तर १५ मीटरवरची काडी चार-पाच पिक्सेलभर पसरते, आणि आधीच एका पिक्सेलची असलेली काडी पसरली की ती गेलीच. फांद्यांसाठी एफ/८ वर २ मीटरच्या आसपास फोकस ठेवा. दूरचा फैलाव पिक्सेलभरावर येतो आणि जवळचं पाऊण फुटापासून नसलं तरी फूट-दीड फुटापासून पुरेसं स्पष्ट राहतं. बुंध्याचे काटे वीतभर अंतरावरून घ्यायचे असतील तेव्हाच फोकस अर्ध्या मीटरवर आणा, आणि शेंडा थोडा मऊ होणार हे मान्य करा.

रिंगवरच्या आकड्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. हाताने फोकस करायच्या स्वस्त रुंद लेन्समध्ये रिंगवरचं अनंत आणि खरं अनंत यांत फरक निघणं नवं नाही. १ मीटर ते अनंत हे सगळं अंतर रिंगच्या जराशा वळणात संपतं, त्यामुळे चिन्ह किंचित सरकलेलं असलं तरी चूक मोठी होते. व्ह्यूफाइंडरमध्ये ती कळत नाही, तिथे या लेन्समधून सगळंच शार्प भासतं. लेन्स हाती आली की पहिल्या दिवशी हे करा: एफ/३.५ वर ठेवा, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा, आकाशावरची १०-१२ मीटर दूरची फांदी मध्यभागी घ्या, रिंग दोन्हीकडे फिरवत काडी सगळ्यात बारीक आणि काळी कुठे होते ते बघा. त्या जागी नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. तीनदा करून तिन्ही वेळा तीच जागा आली तर ठिपका खरा. मग २ मीटरवरच्या वस्तूसाठी दुसऱ्या रंगाचा ठिपका. रानात रिंग धक्क्याने हलू नये म्हणून वरून इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवली की दिवसभर बघावं लागत नाही.

अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८. एफ/३.५ ला मध्यभाग चांगला असतो, कोपरे ढिले. एफ/११ च्या पुढे काड्या पुन्हा मऊ होऊ लागतात, एफ/२२ वापरूच नये. हात स्थिर असेल तर १/३० लाही फोटो हलत नाही, पण शेंडा वाऱ्याने हलतो, म्हणून १/१२५ किंवा त्याहून वेगवान. सकाळी नऊच्या आत वारा पडलेला असतो.

एक्स्पोजरमध्ये फसगत ठरलेली आहे. फ्रेमचा बहुतेक भाग आकाश, त्यामुळे मीटर आकाश करडं करतो आणि झाड कोळसा होतं. छायाकृती हवी असेल तर ठीक. सालीचा पोत हवा असेल, विशेषतः ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल किंवा कांडोळाचे पापुद्रे, तर एक्स्पोजर मीटरपेक्षा +१ ते +१.३ जास्त द्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. कांडोळावर थेट ऊन असेल तर हे उलटतं. पांढरी साल आधी जळते, म्हणून ० वर किंवा −०.३ वर यावं. ढगाळ पांढऱ्या आकाशात रंगीत फोटो काढण्यात हशील नाही, तो दिवस कृष्णधवलचा. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) या लेन्सला लागत नाही, काच फुगीर असल्याने पुढे पेचच नाही. लागला असता तरी एवढ्या रुंद आकाशात त्याने एक गडद पट्टा पाडला असता.

खोट कुठे आहे तेही सांगायला हवं. उजळ आकाशावरच्या काड्यांना कडेला जांभळी-हिरवी किनार येते. मर्यादेत, पण येते. त्यातली कोपऱ्याकडे वाढत जाणारी किनार अ‍ॅपर्चर बंद केल्याने जात नाही, सॉफ्टवेअरमध्ये एका टिकमार्कने जाते. मध्यभागी दिसणारी जांभळट झाक एफ/८ ला बरीच कमी होते. सॉफ्टवेअरमध्ये लेन्स प्रोफाइल मात्र बंद ठेवा. ते आपोआप फिशआय सरळ करायला जातं, कोपरे ताणतं, आणि ज्यासाठी ही लेन्स घेतली तेच घालवतं. शार्पनिंगची त्रिज्या ०.५ ते ०.७ च्या वर नेली की प्रत्येक काडीभोवती पांढरी कड उठते. नॉइज रिडक्शन शून्याजवळ. ते काडीला नॉइजच समजतं.

लेन्सला धूळ किंवा पाण्यापासून संरक्षण नाही आणि पुढच्या काचेवर फिल्टर लावायची सोय नाही. पानगळीत हे विसरून चालत नाही. फेब्रुवारीत काटेसावर फुलते तेव्हा तिचं मांसल, वजनदार फूल दहा-बारा मीटरवरून धप्पकन पडतं, आणि त्यात मध असतो. खाली लेन्स उताणी असेल तर काचेवर चिकट डाग बसतो. वर मैना, भोरड्या, खारी यांची गर्दी असते, त्यांची विष्ठा वेगळीच. कांडोळ आणि सालईच्या जखमांतून डिंक पाझरतो. म्हणून फोटो काढायच्या क्षणापर्यंत टोपण लावलेलं असू द्या. धूळ आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग ब्रश, आणि मगच ओलसर कापड. उलट क्रमाने केलं तर सागाच्या रानातली बारीक माती फुगीर काचेवर घासली जाते. मध वाळला असेल तर खरवडू नका. लेन्स टिश्यू साध्या पाण्याने ओलसर करून मिनिटभर त्यावर ठेवा, मध विरघळतो.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींना ही लेन्स आणखी फळते. ४०° अक्षांशाजवळ डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य २६-२७° च्या वर जात नाही, म्हणजे माथा सूर्याकडे ठेवण्याची युक्ती दिवसभर चालते. जमिनीवर बर्फ असेल तर तो खालून उजेड फेकतो आणि फांद्यांच्या पोटाकडची साल दिसू लागते. आपल्याकडे हे कधीच मिळत नाही. बर्फ फ्रेममध्ये बराच असेल तेव्हा +१ ते +१.७ लागतं. घरात परतताना कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बंद करा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर काचेवर आणि आतही दव बसतं. जादा बॅटरी अंगावरच्या आतल्या खिशात.

वनस्पती अभ्यासकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फिशआय हे नाव रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये दिलं आणि १९२४ मध्ये रॉबिन हिल यांनी आकाशातले ढग टिपायला असं भिंग वापरलं. त्याच वाटेने पुढे झाडांच्या छत्रातून येणारा प्रकाश मोजण्याची पद्धत आली. पानगळीतला फोटो तिथे उपयोगी पडतो, कारण पानं वजा जाता नुसत्या लाकडाने किती आकाश झाकलं ते त्यात मोजता येतं. पण त्या मोजमापाला मध्यापासूनचं अंतर कोनाच्या प्रमाणात वाढणारी, पूर्ण गोल चित्र देणारी लेन्स सोयीची. सॅमयांगची ही लेन्स त्या धाटणीची नाही, आणि क्रॉप सेन्सरवर गोलही मिळत नाही. सॉफ्टवेअरला तिची प्रत्यक्ष मोजलेली वक्रता पुरवल्याशिवाय आकडे काढू नयेत.

फुल फ्रेमवाल्यांनी (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्यांनी) ही घेऊ नये. हूड काढूनही वर-खाली कापलेला गोल मिळतो, तो ना पूर्ण गोल ना पूर्ण चौकट. त्यांना कॅननची किंवा निकॉनची ८-१५ मिमी झूम फिशआय योग्य. ती बरीच महाग आहे, पण गोल आणि चौकट दोन्ही देते. ऑटोफोकस आणि थोडा झूम हवा असलेल्या क्रॉप सेन्सरवाल्यांसाठी टोकिनाची १०-१७ मिमी आहे, पण तिच्यात काड्यांची रंगीत किनार जास्त दिसते आणि कडेच्या फांद्या सॅमयांगइतक्या मोकळ्या राहत नाहीत. नुसत्या झाडांसाठी त्या दोघींत सॅमयांगच उजवी.

जुनी घेत असाल तर चार गोष्टी तपासा. मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढच्या काचेवर ओरखडे आणि आत बुरशीचे धागे आहेत का ते बघा. कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये बुरशी हमखास शोधावी. अ‍ॅपर्चर एफ/२२ वर नेऊन ६ पाती एकसारखी मिटतात का आणि त्यांच्यावर तेलाची चमक नाही ना, ते पाहा. फोकसची रिंग पूर्ण फिरवून मधे कुठे ढिली किंवा अडखळणारी लागते का ते बोटांना कळू द्या. आणि शेवटी कॅमेऱ्यावर लावून एफ/५.६ ला एका उजळ भिंतीचा किंवा आकाशावरच्या फांद्यांचा फोटो घ्या, चारही कोपरे १०० टक्क्यांवर उघडा. तीन कोपरे शार्प आणि एक मऊ असेल तर आतलं भिंग कललेलं आहे. ती लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी परत करा.